उभ्या गाडीतले वीस टक्के

पप्पांच्या भिंगावर डाव्या कडेला एक चरा आहे. लांबी साधारण चार मिलिमीटर, किंचित वाकडा. पप्पांना आजवर प्रत्येक गुन्ह्याच्या जागी एक केस सापडलेला आहे, आणि तो नेहमी डाव्या बाजूला, चार मिलिमीटर लांब आणि किंचित वाकडाच असतो. एकच गुन्हेगार सगळ्या जिल्ह्यात फिरतो आहे, असं त्यांचं मत आहे. मी एकदा भिंग दिव्यासमोर धरून त्यांना चरा दाखवला. "बघ," ते म्हणाले, "इथपर्यंत पोचला!"

पप्पा स्वतःची ओळख अशी करून देतात: "मी गिदोन. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात उभी हयात काढली. दुसऱ्याच्या नावावर हजेरी लावणारा माणूस मी नुसत्या चपलेच्या आवाजावरून धरायचो. देवानं मला वाघाची नजर, हरणाचे कान आणि सापाची चाल दिली आहे." गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सापाच्या हातात काठी आली आहे, एवढं मी इथे नमूद करते. आमच्या दारावर 'गिदोन, गुप्तहेर' अशी पाटी आहे. अक्षरं लाल आहेत आणि कोल्हारच्या एसटी स्टँडवरून वाचता येतात.

मी त्यांची मुलगी आराधना. ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. पप्पांच्या तपासात छत्री धरणं, टॉर्चचे सेल बदलणं आणि शेवटी लोकांची माफी मागणं ही कामं माझ्याकडे असतात.

मे महिन्याच्या एका संध्याकाळी समोरच्या घरातली स्नेहल आमच्याकडे आली. ती गावातल्या एका छोट्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करते. तिला नगरच्या मोठ्या लॅबमध्ये नोकरी मिळाली होती. रोज जायचं-यायचं म्हणून तिने आणि तिच्या नवऱ्याने, हर्षलने, एक छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती.

"ताई, गाडीतून चार्ज चोरीला जातोय," ती म्हणाली.

मी तिला बसायला सांगितलं. पप्पा आधीच उभे राहिले होते.

हकीकत अशी. नगरला गाडी दिवसभर उन्हात उभी राहणार, तेव्हा नुसती उभी राहून ती काय करते ते आधी पाहावं, असं स्नेहलने ठरवलं होतं. रात्री चार्जिंगला लावायची. सकाळी पडद्यावर शंभर टक्के. मग गाडी अंगणात लिंबाजवळ, उन्हात तशीच ठेवून ती चालत लॅबला जायची. संध्याकाळी परत येऊन पाहावं तर ऐंशी. एखाद्या दिवशी अठ्ठ्याहत्तर.

"गाडी हलवली नव्हती?"

"जागची नाही. चाकाखालचे दगडसुद्धा तसेच."

हे वीस टक्के साधे नव्हते. बॅटरी एकोणीस युनिटची. कंपनी अडीचशे किलोमीटर सांगते. कंपनी बहुधा उतारावर राहते. उन्हाळ्यात एसी लावून किती, ते आम्ही दोघींनी कागदावर मोजलं; दीडशे भरले. नगरला जाऊन-येऊन एकशे वीस. उरले तीस, आणि दीडशेचे वीस टक्के म्हणजे बरोबर तीस. म्हणजे स्नेहल संध्याकाळी प्रवरेच्या पुलाच्या अलीकडे थांबणार आणि गाव समोर दिसत राहणार. वाटेत एका हॉटेलात चार्जर आहे, पण तिथे बहुतेक वेळा शिर्डीला निघालेल्या गाड्यांची रांग असते.

"खर्चाचं म्हणाल तर ही गाडी सोन्यासारखी आहे," ती म्हणाली. "किलोमीटरला सव्वा रुपया पुरे. पेट्रोलला सहा लागायचे. पण भरवसाच नसेल तर काय करायचं? हर्षल म्हणतो, नगरात खोली घेऊ. मग सासूबाई इथं एकट्या. नाहीतर मी नोकरीला नाही म्हणते. लॅबवाले खोली बघून देतो म्हणतात. त्यांचा रोज फोन येतो आणि मी रोज 'कळवते' म्हणते. उद्या दुपारी शेवटचा येणार आहे."

"उद्या दुपारपर्यंत चोर तुझ्यासमोर उभा करतो," पप्पा म्हणाले आणि टोपी शोधायला गेले. टोपी त्यांच्या डोक्यावर होती.

अंगणात गाडी उभी होती, पांढरी आणि निरपराध. पप्पांनी भिंग काढलं. "केस," ते म्हणाले. "डाव्या बाजूला."

मग ते वाकले. गाडीखाली मातीत वाळलेल्या पाण्याचा डाग होता, ताटाएवढा. त्यांनी त्यावर बोट फिरवून चाटलं.

"पप्पा!"

"खारट नाही. माल समुद्रमार्गे गेलेला नाही." त्यांनी बोट टोपीला पुसलं. "आराधना, वीज गळते आहे. टाकीतून पेट्रोल गळतं तशी. हा तिचा डाग."

"विजेचा डाग पडत नाही, पप्पा."

"तुमच्या पुस्तकातल्या विजेचा पडत नसेल."

स्नेहलच्या सासूबाई, आक्काबाई, चहा घेऊन बाहेर आल्या. सोबत तळलेल्या कुरडयांची बशी. "घ्या गिदोनभाऊ, यंदाच्या हायेत. काय शोधताय?"

"चोर, आक्काबाई. दिवसा गाडी कोणी नेली होती का?"

"न्हाई बा. जागची हलली न्हाई. मी घरीच अस्ती की."

"पुरे." पप्पांनी तिसरी कुरडई उचलली आणि मला म्हणाले, "घरच्यांना जास्त विचारायचं नसतं. घरच्यांवर संशय घेणं हे सामान्य पोलिसाचं काम."

"रविवारी मात्र काहीच जात नाही," स्नेहल म्हणाली. "मी घरी असते ना. शंभरचे नव्व्याण्णव."

पप्पांची कुरडई अर्ध्यात थांबली. "चोर रविवार पाळतो! म्हणजे तो चर्चला जातो. आराधना, आपल्या चर्चमधल्या केविन सरांवर नजर ठेवायला हवी. गेल्या रविवारी प्रार्थना चालू असताना त्यांचे डोळे उघडे होते."

"तुम्हाला कसं दिसलं?"

पप्पांनी उरलेली कुरडई एकदम तोंडात घातली.

मी गाडीत बसले. स्टीअरिंगच्या मधोमध, हॉर्नवर, पांढरा खडबडीत थर वाळला होता. पप्पा खिडकीतून ओरडले, "पांढरा पदार्थ! हात लावू नको!" स्नेहलने मात्र तो नखाने खरवडला, लॅबच्या पिशवीतून आयोडीनची बाटली काढली आणि एक थेंब टाकला. थर काळानिळा झाला.

"विष!" पप्पा म्हणाले.

"स्टार्च," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"पिठात मिसळलेलं विष."

मी बशीतल्या कुरडईकडे पाहिलं. एका थेंबावरून निष्कर्ष काढू नये, असं मी मुलांना शिकवते, आणि पप्पा तसे काढत असताना मी तरी नियम पाळावा.

सकाळी पप्पांनी संशयिताची जबानी घेतली. कोपऱ्यावर भिमाजीचं गॅरेज आहे. इलेक्ट्रिक गाड्या आल्या तर त्याचा धंदा बसेल, हे पप्पांच्या मते पुरेसं होतं.

"दुपारी तू कुठं असतोस, भिमाजी?"

"हितंच. झोपल्याला."

"साक्षीदार?"

"बायको. म्हन्ती लई घोरतो. इचारा तिला."

"विजेच्या गाडीबद्दल तुझं मत काय?"

"झ्याक हाय की. ऑइल न्हाई, फिल्टर न्हाई, बेल्ट न्हाई. मंग आमी काय खायचं, त्येवडं त्या कंपनीला इचारा."

"हेतू सापडला," पप्पांनी माझ्या कानात सांगितलं, इतक्या मोठ्याने की भिमाजी म्हणाला, "कुटं सापडला?"

"पर गिदोनभाऊ, एक सांगू का?" तो पुढे म्हणाला. "त्या गाडीचा हॉर्न वाजतो दुपारचा. प्यां, प्यां, प्यां. रोज झोपमोड हुती माजी."

पप्पांचा चेहरा उजळला. "खुणेचा हॉर्न! आराधना, ही टोळी आहे. एक जण हॉर्न वाजवतो, दुसरा तार जोडतो, तिसरा वीज घेऊन पळतो."

"कशात घेऊन?"

"ते पकडल्यावर कळेल."

दुपारी आम्ही आक्काबाईंच्या अंगणामागे कडब्याच्या गंजीआड बसलो. स्नेहल अर्धी सुट्टी काढून आली होती. तिच्या हातात फोन होता आणि ती तो सारखा उलटा-सुलटा करत होती. बेचाळीस डिग्री ऊन. पप्पांनी वेषांतर म्हणून अंगावर उसाचं पाचट घेतलं होतं. एक शेळी आली आणि वेषांतर खाऊ लागली.

"हिला हाकल," पप्पा ओठ न हलवता म्हणाले. "माझी बाही गेली."

समोर दोन बाजांवर पांढरी धोतरं अंथरली होती आणि त्यांवर कुरडया वाळत होत्या. लिंबावर कावळे होते. गाडीच्या काचा वर होत्या आणि उन्हाच्या चकाकीत आतलं काही दिसत नव्हतं.

एक कावळा बाजेवर उतरला. पाठोपाठ दुसरा.

प्यां, प्यां, प्यां.

कावळे उडाले.

"खूण झाली!" पप्पा उठायला लागले, पण गुडघा उठेना.

मी गाडीखाली पाहत होते. तिथे पाणी ठिबकत होतं, थेंब थेंब, कालच्याच जागी. तीन कोंबड्या त्याभोवती उभ्या राहून चोची बुडवत होत्या. हवेतली वाफ थंड नळीवर जमते आणि खाली ठिबकते. दहावीच्या पुस्तकात आहे.

"स्नेहल," मी म्हणाले, "गाडीतला एसी चालू आहे."

आम्ही दोघी गेलो आणि दार उघडलं. आतून महाबळेश्वर बाहेर आलं. स्टीअरिंगसमोर आक्काबाई बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर भिजवलेल्या गव्हाच्या चिकाचं पातेलं, एक हात हॉर्नवर.

"दार लावा गं," त्या म्हणाल्या. "गारवा जातो."

"आई! तुम्ही रोज बसता इथं?"

"मंग? वाळवन कोन राखनार? उनात डोकं फुटायची येळ आली. गाडी आली तवाच हर्षलला म्हनलं, दाव कसं करत्यात. ब्रेक दाबायचा, बटन दाबायचं, गार वारं चालू. आन हॉर्न हाय कावळ्याला. दुपारभर बसते, मंग बंद करते."

"पण काल मी विचारलं होतं!" पाचटातून पप्पांचा आवाज आला.

"तुमी इचारलं कुनी नेली का. कुटं नेली मी? जागची हलली न्हाई म्हनलं ते खरंच की."

"आई, त्यात बॅटरी जाते."

आक्काबाईंनी सुनेकडे अविश्वासाने पाहिलं. "काय तर सांगू नको. ट्रॅक्टर चालू असला की गल्लीभर कळतं. हिचा आवाज तरी येतो का? आवाज न्हाई मंजी बंदच की."

मी मनात हिशेब केला. तापलेली गाडी थंड करायला सुरुवातीला जास्त, मग तासाला साधारण एक युनिट. दुपार जवळपास चार तासांची. एकोणीसचे वीस टक्के म्हणजे चार युनिटला जरा कमी. आकडा जुळला. रविवारी स्नेहल घरी असायची, वाळवण तीच राखायची, छत्री घेऊन. तेही जुळलं. केविन सर सुटले.

"मी खराब गाडी घेतली म्हणून तीन आठवडे जागी आहे, आई," स्नेहल म्हणाली. तिला हसू येत होतं आणि दुसरंही काही येत होतं. "ही गाडी रस्त्यात बंद पडेल म्हणून नोकरीला नाही म्हणणार होते. नाहीतर नगरला राहायला जाणार होतो आम्ही."

आक्काबाईंनी पातेलं बाजूच्या सीटवर ठेवलं. एसीचं बटण त्यांनी स्वतःच दाबून बंद केलं. मग बाजांकडे बोट दाखवलं.

"ती पल्याडची बाज तुमचीच हाय. हर्षल फोनवर खोलीचं बोलत हुता, मी आयकलं. म्हनलं, जानार तर जाऊ दे, पोरीला तिकडं कुरडया कोन करून देनार? म्हनून औंदा दुप्पट घातल्या." त्यांनी पदराने हॉर्न पुसला. "मला काय इचारत न्हाई कुनी. इचारलं अस्तं तर सांगितलं अस्तं, जाऊ नगा."

शेळी पप्पांची दुसरी बाही खात होती.

"तर मंडळी," पप्पा गंजीमागून काठी टेकत आले, "मला पहिल्यापासून घरातलाच संशय..."

तेवढ्यात स्नेहलचा फोन वाजला. नगरहून. तिने पडद्यावरचं नाव पाहिलं, मग सासूकडे पाहिलं. आक्काबाई मुद्दाम कावळ्यांकडे बघत होत्या.

स्नेहलने फोन कानाला लावला.

"हो, बोलतेय. सोमवारपासून येते मी. नाही हो, खोली बघू नका. मी रोज संध्याकाळी घरी परत येणार आहे."