हंगामाच्या मध्यावर दोन बापांची अदलाबदल

मधुकर वानखडे यांनी पहिल्याच भेटीत माझ्या छत्रीचा सौदा मांडला. आमची ओळखदेखील झालेली नव्हती. २०२० सालच्या शरदात, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधील आमच्या वसाहतीच्या हिरवळीवर, सक्तीचे दोन मीटर अंतर राखून हे गृहस्थ उभे होते. माझ्याकडे आपादमस्तक पाहून ते म्हणाले, "साहेब, छत्री चांगली हाये, पण तुमच्या उंचीले मोठी होते. माझी घ्या. वरून पुढच्या उन्हाळ्यातली लोणच्याची पहिली बरणी तुमची."

मी छत्री दिली नाही. हे मुद्दाम नमूद करतो, कारण डब्लिनच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर मी ती दिल्याचे सांगितले जाते.

त्याच गटावर आणखी एक गोष्ट तीन प्रकारांनी फिरते. पहिल्या प्रकारात माझ्या मुलाने मला घराबाहेर काढले, दुसऱ्यात मी रागाने निघून गेलो, तिसऱ्यात वानखड्यांनी मला फसवले. या तिन्ही प्रकारांचे कर्ते त्या दिवशी आपापल्या घरी, करोनाकाळच्या पाच किलोमीटरच्या सरकारी मर्यादेत बसलेले होते. मी मात्र या प्रकरणातला नुसता साक्षीदार नव्हे, प्रत्यक्ष मालच होतो. तेव्हा माझे ऐकावे. मला कोणी काढले नाही, मी पळालो नाही, फसलो तर मुळीच नाही. माझी रीतसर अदलाबदल झाली.

वानखडे अमरावतीच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. पत्नी निवर्तल्यावर ते आपल्या मुलीकडे, डॉक्टर पल्लवीकडे, दोन महिन्यांसाठी आले आणि विमाने बंद पडल्यामुळे इथेच राहिले. मी पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. मीही विधुर, आणि त्याच कारणाने मुलाकडे, समीरकडे, अडकलेलो. साम्य इथे संपते. मला धरणांत रस होता, वानखड्यांना अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये. आणि त्यातही खेळात कमी, सौद्यांत अधिक.

त्या खेळात अशी रीत आहे की हंगाम अर्धा सरला की संघ आपापसांत खेळाडू बदलून घेतात. सकाळी एका शहराचा असलेला गडी संध्याकाळी दुसऱ्याच शहराचा होतो. एका नामांकिताच्या बदल्यात दोन होतकरू आणि पुढील वर्षी येणाऱ्या नवख्यांतून निवड करण्याचा हक्क, असले करार होतात. त्या वर्षी याची मुदत मार्चअखेरीस संपणार होती. तिकडचे सामने इथल्या अपरात्री होत असल्याने वानखडे त्यांचे चित्रमुद्रण न्याहारीनंतर पाहत आणि मग रेघी वहीत प्रत्येक संघासाठी नव्या अदलाबदली आखत. त्या संघांनी त्यांचा सल्ला मागितलेला नव्हता, ही त्यांना किरकोळ अडचण वाटे.

माणसे म्हणजे काय धान्याची पोती आहेत, असे मी एकदा त्यांना कडक शब्दांत विचारले.

"तुमची बदली नाही झाली कधी? पाटबंधाऱ्यात?" त्यांनी शांतपणे विचारले.

माझ्या अकरा बदल्या झाल्या होत्या. मी विषय बदलला.

"गडी वाईट नसते जी, जागा चुकते," हे त्यांचे पालुपद. ते त्यांनी कुंडीतल्या रोपाला, वसाहतीतल्या कचऱ्याच्या डब्यांना आणि आयर्लंडच्या मंत्रिमंडळाला सारख्याच निष्ठेने लावले. त्यांचा शेजारी शॉन हा एकटा राहणारा वृद्ध आयरिश गृहस्थ. वानखड्यांनी अर्धा डबा काळ्या मसाल्याच्या बदल्यात त्याचे गवत कापायचे यंत्र दर शनिवारी मिळवले, शिवाय डॅफोडिलचे सहा कंद. कंद वसंतात फुलणार असल्याने त्यांना ते 'भविष्यातील निवड' म्हणत. शॉनला वाटले, ही भारतीयांची शेजाऱ्याला नमस्कार करण्याची पद्धत असावी. तो सज्जन असल्याने कधी रिकाम्या हाताने कुंपणाशी येईना. नाताळापर्यंत तोही अटी घालू लागला. इथे कोणाचे नाव न घेता बोलायचे झाले की 'युअर मॅन' म्हणतात. "युअर मॅन मला कंगाल करणार," असे शॉन मला अभिमानाने सांगे.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

मार्चच्या आरंभी समीर आणि माझ्यात अबोला झाला. समीर संगणक अभियंता. जेवणाचे टेबल हेच त्याचे कार्यालय. त्या दिवशी मी पाणी प्यायला गेलो असता पडद्यावरचा त्याचा वरिष्ठ त्याच्याशी चढ्या आवाजात बोलत होता. मी समीरच्या मागे उभा राहिलो आणि पाटबंधारे खात्याच्या इंग्रजीत त्या गृहस्थाला दोन गोष्टी सांगितल्या: अधिकाऱ्याने कनिष्ठाशी चारचौघांत असे बोलू नये, आणि त्याची बेरीजही चुकली आहे. बेरीज चुकलेली होती. मी आजही त्यावर ठाम आहे. बैठकीत बारा माणसे होती.

समीरने संगणक मिटला आणि म्हणाला, "बाबा, हे घर माझं आहे. इथे तुम्ही पाहुणे आहात."

नऊ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. निरोपांची ने-आण नात ईरा करी. मी मराठीत सांगे की खोली फार गार आहे, ती ते आयरिश हेलाच्या इंग्रजीत बापाकडे पोहोचवी आणि परत येऊन सांगे, "ही सेज इट्स ग्रँड, आजोबा," म्हणजे आहे ते ठीकच आहे. मुलाच्या घरात बापाची जागा कोणती, एवढाच माझा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मला मिळाले होते. मिळेल त्या विमानाने परत जायचे, असे मी ठरवले.

हे हिरवळीवर वानखड्यांच्या कानी घातले. त्यांनी सांत्वन केले नाही. वही उघडली.

"जागा चुकते, साहेब. तुम्ही बचावाचे गडी. समीरच्या घरात बचाववाला आधीच एक, खुद्द समीर. तुम्ही पल्लवीकडे या, मी समीरकडे जातो. मुदत संपेपर्यंत."

करारापूर्वी खेळाडूची वैद्यकीय तपासणी होते म्हणून त्यांनी माझे गुडघे, रक्तदाब आणि घोरणे यांची सविस्तर चौकशी केली. सरकारी नियम त्यांनी तीनदा वाचले होते. एकमेकांच्या घरी भेटीला जाण्यास मनाई होती. बाप बदलून घेण्यास मनाई असल्याचे कोठेही लिहिलेले नव्हते. समीरशी ते तासभर फोनवर बोलले आणि तो तयार झाला. पल्लवी म्हणाली, काय करायचं ते करा अप्पा, मला ड्यूटी आहे. शनिवारी सकाळी आम्ही दोघे आपापली बॅग घेऊन हिरवळीच्या मध्यावर आलो आणि एकमेकांना ओलांडून गेलो. शॉन कुंपणाशी उभा होता. प्रसंगाचे गांभीर्य ओळखून त्याने टोपी काढली.

पल्लवीच्या घरात मला पहिली जाणवली ती शांतता. ती पहाटे सहाला नावन या गावच्या इस्पितळाकडे निघे आणि संध्याकाळी सातला परते. मधले तेरा तास त्या घरात काहीही घडत नसे. टेबलावर वानखड्यांनी लिहून ठेवलेला सूचनांचा कागद होता: 'गाडीचा आवाज आला की वरण मंद आचेवर ठेवावे. इस्पितळाचे काही विचारू नये. दुसरे काहीही बोलावे. उत्तर आले नाही तरी बोलत राहावे.'

आचेची सूचना मी पाळली. वरणासाठी हिंग शोधताना मात्र स्वयंपाकघरातले कपाट उघडले, ज्याला इथे 'प्रेस' म्हणतात, आणि दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेला आणखी एक कागद दिसला. तारखा आणि त्यांच्यापुढे आकडे. सहा. चार. नऊ. काही तारखांपुढे शून्य. आधी वाटले, औषधाचे असेल. मग वानखड्यांनीच शिकवलेले आठवले: प्रत्येक सामन्यानंतर कोणता गडी किती मिनिटे मैदानावर होता हे छापतात, आणि राखीव बाकावर बसणारे ते आकडे सर्वांत आधी पाहतात. कागदाच्या वर त्यांच्या घोटीव अक्षरात शीर्षक होते: 'पल्लवीसोबत'. सर्वांत मोठा आकडा अकरा होता.

मी दार लावले. हिंग न घालताच वरण केले.

चार संध्याकाळी मी त्या मुलीशी सूचनेबरहुकूम बोललो. कालव्यांची गळती, सांडव्याची रचना, एका ठेकेदाराचा मी केलेला बंदोबस्त. ती मान डोलावत जेवे आणि वर जाई. तोंडावर मुखपट्टीचे वळ असत. पाचव्या दिवशी ती आली ती कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"काका, अप्पा कधी येणार?"

माझ्या बोलण्यात काही उणे आहे का, असे मी विचारले. मला ते लागले होते, हे नाकारत नाही.

"नाही हो काका. तुम्ही बोलता ते ऐकावं लागतं," ती म्हणाली. "अप्पांचं ऐकावं लागत नाही. ते त्या अमेरिकेतल्या गड्यांचं सांगत बसतात, आणि कधीतरी मला डुलकी लागते. इथेच, टेबलावर. वर जाऊन पलंगावर पडले की मला झोप येत नाही. चार दिवस झाले."

अप्पांना हे ठाऊक आहे का, मी विचारले. तिने नकारार्थी मान हलवली. त्यांना वाटत असणार, मी कंटाळून झोपते, ती म्हणाली.

मी फोन लावला. समीरने उचलला. चौदा दिवसांत आम्ही प्रथमच बोलत होतो. वानखड्यांना दे, असे मी म्हणालो.

"देतो. बाबा, तो माझ्यावर ओरडत होता म्हणून तुम्ही मध्ये आलात ना? वानखडेकाकांनी सांगितलं. मला वाटलं, तुम्ही मला शिकवायला आलात."

"दोन्हींसाठी," मी म्हणालो. खोटे बोलणे माझ्या स्वभावात नाही.

तो हसला. घरी या म्हणाला. बॅग भरलेलीच आहे, असे मी सांगितले. ती पहिल्या दिवसापासून भरलेली होती, हे सांगितले नाही. मग वानखडे फोनवर आले. "काहून जी? मुदत बाकी हाये अजून. गडी परत पाठवता?"

मी फोन पल्लवीला दिला.

"अप्पा, घरी या," ती म्हणाली. एवढेच.

ज्या माणसाने माझे घोरणे तपासल्याखेरीज करार केला नव्हता, त्याने एकही अट घातली नाही. पलीकडे फोन ठेवल्याचाही आवाज आला नाही. मी बॅग घेऊन हिरवळीवर पोहोचतो तोच समोरून वानखडे आले. पायात घरातल्या सपाता, हातात बॅग नाही, वही नाही. माझ्याकडे न पाहता ते गवतातून तिरके निघून गेले.

अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आले की वाचायचा चष्मा त्यांच्याकडे राहिला. मी परत फिरलो. मी त्यांच्या खिडकीतून डोकावलो हा गटावरचा आरोप साफ खोटा आहे. पडदा उघडा होता आणि मी सार्वजनिक रस्त्यावर होतो.

पल्लवी कोटासकट टेबलावर डोके टेकून झोपली होती. वानखडे समोर बसले होते. मिठाची बाटली आणि चार चमचे मांडून ते एक चमचा या बाजूचा त्या बाजूला नेत होते आणि काहीतरी समजावून सांगत होते. तिच्या कोपराजवळची ताटली त्यांनी अलगद उचलून बाजूला ठेवली. आवाज खाली आणला. पण बोलणे थांबवले नाही.

मी दार वाजवले नाही. चष्मा दुसऱ्या दिवशी आणला.