चापाचा डोळा

लेक रविवारी येणार, या एका आशेवर बाबांनी अख्खा महिना ढकलला होता. नोकरीसाठी ती दूरच्या शहरात गेली आणि बापलेकीचा खेळातल्या बंदुकांचा नाद अर्ध्यावरच राहिला. मैदानात प्लास्टिकच्या गोळ्या झाडत धावायचं आणि घरी येऊन कडाकडा भांडायचं. त्या भांडणांच्या आठवणीनेसुद्धा बाबांना हल्ली भरून यायचं.

म्हणून त्यांनी तिच्या बंदुकीला स्वतः इलेक्ट्रॉनिक चाप बनवला. चाप ओढला की आतला पडदा सरकायचा, इवल्याशा दिव्याचा उजेड समोरच्या सेन्सरवर पडायचा आणि गोळ्या सुटायच्या. मागच्या सामन्यात बॅटरी निसटून लेक हरली होती, म्हणून या खेपेला बॅटरी गोंद लावून चांगली चिकटवली. हे सगळं खोलीच्या खिडक्या लावून, पडदे ओढून; कारण आईने पाहिलं की तिचं सुरू, "या वयात हे काय आरंभलंय?"

शनिवारी सकाळी बाबा गॉगल लावून गच्चीवर आले. ऊन लख्ख होतं. चापाला बोटही लागलं नाही, तोच तड तड तड! वाळत घातलेल्या चादरीवर गोळ्यांचा मारा. घाबरून त्यांनी बंदूक वळवली, तर पाण्याची टाकी वाजायला लागली.

"अहो, बंद करा ते!" आई धावत वर आली.

"बंद होत नाहीये!"

"मग बॅटरी काढा!"

"चिकटवलीय!"

"धन्य आहे तुमची!"

चापाच्या फटीतून ऊन थेट सेन्सरवर पडत होतं. अंधाऱ्या खोलीत हे कळणार कसं? बाबांनी फटीवर तळवा दाबला, तेव्हा कुठे बंदूक गप्प झाली.

"चांगलाच उजेड पाडलात!" आई म्हणाली. तेवढ्यात तिच्या हातातला बाबांचा फोन वाजला; लेक होती. तिने तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, उद्या नाही रे जमत. कामाचा डोंगर पडलाय."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. तळवा सैल पडला. तड तड तड!

"काय चाललंय तिकडे?"

बाबांनी तळवा पुन्हा दाबला आणि आईने सगळी कहाणी सांगितली. लेक खो खो हसत सुटली. किती दिवसांनी ते हसू कानावर पडत होतं! बाबांना वाटलं, ही बंदूक जन्मभर बिघडलेलीच राहावी.

"सोपं आहे, बाबा. फटीवर काळी चिकटपट्टी लाव."

हे तर बाबांना केव्हाच सुचलं होतं.

"पट्टी... संपलीय गं."

"मग जाड कापड गुंडाळ."

पुढची थाप काही सुचेना. बाबांनी केविलवाणं होऊन आईकडे पाहिलं. या बंदुकांचं नावही नको असलेल्या आईने फोन तोंडाशी धरला.

"अगं, कापडाने काय होतंय! मोठा बिघाड आहे. यांच्या हातून काही व्हायचं नाही. तुलाच यावं लागेल."

पलीकडून लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"बरं, येते उद्या. तोवर कुणी हात लावू नका."

फोन बंद झाला. बाबा थक्क होऊन बघतच राहिले.

"तू चक्क खोटं बोललीस?"

"तुम्हाला धड तेही जमत नाही, मग काय करू?" आईने चादरीवरच्या गोळ्या झटकल्या. "आणि ऐका, हा तर पाच मिनिटांत दुरुस्त होईल. तिला दोनतीन दिवस पुरेल, असा काहीतरी बिघाड करून ठेवा."