सांध्यांवरून माणसे ओळखणारे अण्णा

भास्करअण्णा माणसाला नावाने हाक मारीत नसत. त्याच्या दुखऱ्या अवयवाने मारीत. "ए उजवा खांदा, पट्टा नीट बांध." "डावा गुडघा आज आला नाय?" आमच्या ढोल-ताशा पथकात साठ वादक होते, अण्णांच्या लेखी ते साठ सांधे होते. मी पथकाचा प्रमुख. मला ते 'मान' म्हणत. "तुमची मान ताठ हाय, साहेब. त्याला आमच्याकडं औषध नाय." मुले हसत. मीही हसत असे, पण ते दातांपुरतेच.

अण्णा उमेळे गावचे. एका इस्पितळाच्या प्लास्टर विभागात त्यांनी इतरांची मोडलेली हाडे धरून उभे राहण्याची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर, सातिवलीत एका गोदामामागे आमचा सराव चालतो हे कळताच ते आले आणि कोणी न बोलावता रोज येत राहिले. हातात ताणकाटा. त्याला ढोल अडकवून वजन पाहायचे, मग वादक मुलीला न्याहाळायचे. "हा हिच्या कमरेला बांधनार? मंग हिला कोनाच्या कमरेला बांधनार?"

सरावाआधी सर्वांनी अंग मोकळे करायचे, दर अर्ध्या तासाने ढोल उतरवून पाठ सरळ करायची, पाणी प्यायचे, आणि दुखले तर लपवायचे नाही, हा त्यांचा कायदा. त्यांना 'मलमपट्टी मंत्रालय' हे नाव मी ठेवले होते. तेव्हा ती कोटी मला फार आवडली होती.

ऋतुजा आमच्या पहिल्या रांगेत वाजवीत असे. पोलीस भरतीसाठी ती पहाटे धावायची आणि संध्याकाळी सरावाला यायची. विसर्जनाच्या मिरवणुकीत तिसऱ्या तासाला अण्णा गर्दी सारीत माझ्यापाशी आले.

"हिला बाजूला घ्या. पायाला मुंग्या आल्यात."

समोर मंडळाचे व्यासपीठ होते. पाहुणे उभे राहिले होते, मोबाइल उंचावले होते. पहिल्या रांगेतील खिंडार मला परवडणारे नव्हते.

"आणखी एकच हात," मी म्हणालो. वादनाच्या एका चालीला आम्ही हात म्हणतो.

अण्णांनी तिच्या पट्ट्याची गाठ सोडायला सुरुवात केली. मी सर्वांदेखत त्यांना मागे ढकलले. "इथे प्रमुख कोण आहे?"

"तुमीच," ते शांतपणे म्हणाले. "कंबर तेवढी तिची हाय."

एकाचे चार हात झाले. चौथ्यात ती खाली बसली आणि तिला उठता आले नाही. मणक्याची गादी सरकली होती. भरतीची मैदानी चाचणी तिच्यावाचून झाली. पथकाने तिचा सत्कार केला. स्मृतिचिन्ह इतके जड होते की ते तिच्या आईला उचलावे लागले. त्यानंतर मी प्रमुखपद सोडले; लोकांनी त्याला त्याग म्हटले. मी पळालो होतो. तिच्या घरी जायचे धैर्य यायला मला पाच महिने लागले.

एका दुपारी गेलो. दार तिच्या आईने उघडले. "या, सर. दोघं आत आहेत."

आत जमिनीवर दोन चटया होत्या. एकीवर ऋतुजा गुडघे दुमडून उताणी पडलेली. दुसरीवर, तशाच अवस्थेत, सत्तरीचे अण्णा.

"रोज येतात," आई हलक्या आवाजात म्हणाली. "एकटीनं व्यायाम केला की ती रडते. म्हणून बरोबरीनं करतात. त्यांच्या घरी तरी कोण आहे वाट बघायला?"

मला पाहून ऋतुजाने तोंड भिंतीकडे वळवले. क्षमेची वाक्ये मी वाटेत पाठ केली होती. पहिलेच वाक्य सुरू करताच अण्णांनी आडव्यानेच हात वर केला.

"भाषन नको. मोजा. धापर्यंत. मोजन्यात आमचा दम जातो."

मी दाराशीच बसलो आणि मोजू लागलो. आकड्यागणिक दोघे कंबर उचलीत, क्षणभर धरीत, टेकवीत. सातव्याला तिची कंबर थरथरली आणि अर्ध्यातच खाली आली. अण्णांची अजून स्थिर, वर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, घाईने आपली पाठ जमिनीला टेकवली, आणि तिच्यापेक्षा मोठ्याने धापा टाकू लागले.

'आठ' माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी ते गिळले.