डरकाळीचं निदान

कळंब्याच्या हंबीररावांच्या आवाजाशिवाय आसपासच्या गावांत यात्रेचं कुस्ती मैदान रंगत नसे. घोगरा, खरखरीत, थेट वाघाचा आवाज. त्यांनी माइकवर जोड पुकारली की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा सावरून बसायची. या आवाजाचं श्रेय कुणी तालमीला देई, कुणी देवाला. छातीतली जळजळ आणि घशाशी येणारं आंबट पाणी मात्र कुणी हिशेबात धरलं नव्हतं. हंबीरराव ते मर्दानीपणाच्या खात्यावर जमा करत.

"तिखट खाल्ल्यावर जळायचंच की," ते म्हणत. "न जळायला आपण काय पुण्यात ऱ्हातो?"

यंदा मैदान दोनेक महिन्यांवर आलेलं असताना मिसळीचा घास त्यांच्या छातीत अडकला. पाण्यानं हलेना. शेवटी त्यांच्या बायकोनं, वर्षाराणी वहिनींनी, पाठीत बुक्की घातली. घास खाली गेला, आणि हंबीरराव भानावर यायच्या आत वहिनींनी त्यांना रिक्षात घालून डॉक्टर मैथिलींकडे नेलं.

"कधीपासून होतंय असं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ह्ये काय आजार हाय व्हय? जन्माचंच हाय की."

"दुर्बिणीतून बघावं लागेल. उद्या सकाळी उपाशीपोटी या."

दुसऱ्या दिवशी हंबीरराव हजर झाले, ते मिशीला फेस घेऊनच.

"काही घेतलंय का?"

"दूधकट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध घेतलं. अगदी उपाशीपोटी. खोटं वाटत आसंल तर गवळ्याला इच्यारा."

तालमीत वाढलेल्या माणसाचं उपाशी पोट दूध पिण्यासाठीच असतं, हे डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकात नव्हतं. तपासणी पुढं ढकलली गेली. पुढच्या वेळी वहिनी त्यांच्या तोंडाकडं डोळे लावूनच रिक्षात बसल्या.

"अन्ननलिका आतून सोलून निघालीय," तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या. "पोटातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येतंय. असंच सोडलं तर व्रण होतात, नळी आक्रसते. काहींच्या पेशी बदलतात आणि पुढं कॅन्सरचाही धोका असतो."

वहिनींचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडं गेला. "ह्यास्नी हाय काय तसलं?"

"नाही. पण आता टाळाटाळ नको. गोळ्या नियमित घ्या, तिखट-तेलकट कमी करा, जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही. आवाजसुद्धा सुटेल."

"आवाजाला काय झालंय?" हंबीररावांनी डरकाळी फोडली.

"बसलाय की! आम्ल घशापर्यंत येतंय, त्यानं स्वरयंत्र सुजलंय."

ज्या आवाजासाठी हंबीररावांनी गावोगाव फेटे बांधून घेतले, तो इतकी वर्षं नुसता बसलेला होता.

वहिनींनी घरात दुधी भोपळ्याचं राज्य आणलं. जळजळ विझली, झोप लागायला लागली. आणि एके सकाळी हंबीररावांनी आतून "नाष्ट्याला काय हाय?" असं विचारल्यावर वहिनी दार उघडायला धावल्या. त्यांना वाटलं, बाहेर कोणीतरी पावणं आलंय. आवाज बारीक, गोड, स्वच्छ होता. भजनात दुसऱ्या रांगेत बसवावा असा.

यात्रा समितीचे पिराजी मैदानाचं आमंत्रण घेऊन आले, ते तो आवाज ऐकून उभेच राहिले.

"दादा, मैदानात जोड लावायची हाय. पाळणा म्हणायचा न्हाय!"

दुसऱ्या दिवशी ते मिसळीच्या कटाचा डबा घेऊन हजर. "मैदानापुरतं जळू द्या. परत करा की पथ्य."

हंबीररावांनी झाकण उघडलं. लाल तर्री चमकत होती. माइक गेला तर यात्रेत आपण नुसते शेंगा खाणारे प्रेक्षक, हेही त्यांना त्या तर्रीत स्पष्ट दिसलं.

"मैदानापुरतंच म्हणतोय त्यो," ते हळूच म्हणाले.

"मग मैदानापुरती दुसरी अन्ननळी आणा," वहिनी म्हणाल्या. "पिराजी, उचल डबा."

पिराजींनी डबा उचलला, पण वाया घालवला नाही. आवाज जर कटानंच तयार होत असेल तर माइक आपल्याच हातात का नसावा, असा साधा हिशेब त्यांनी केला. सकाळी मिसळ, दुपारी तांबडा रस्सा, वर लगेच आडवं होणं, असा खुराक त्यांनी लावून घेतला.

मैदानाच्या दिवशी त्यांचा आवाज अगदी हवा तसा झाला होता. फक्त जळजळीनं धड बोलता येत नव्हतं. एका हातानं छाती चोळत त्यांनी दुसऱ्या हातानं माइक हंबीररावांपुढं धरला.

"दादा, तुम्हीच बोला. आन् त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर द्या."

हंबीररावांनी पहिली जोड पुकारली. तसा मागून एकजण ओरडला, "ओ दादा! माइक वैनींकडं दिलासा काय?"

हशा उसळला. हंबीररावांचे कान तापले. आता माइक ठेवायचा की फोडायचा, एवढाच प्रश्न उरला होता.

"दिला आसता," ते गोड आवाजात म्हणाले, "पण तिला माइक लागतोय कुठं?"

"काय म्हनलासा?" बायकांच्या बाजूनं वर्षाराणी वहिनी कडाडल्या. तो आवाज माइकशिवाय कुस्तीचा हौदा ओलांडून पलीकडच्या उसाच्या गुऱ्हाळापर्यंत गेला. हौद्यातले दोन्ही पैलवान एकमेकांना सोडून सरळ उभे राहिले.

पिराजींनी छाती चोळणं थांबवलं आणि वहिनींकडं पुढच्या यात्रेचा आवाज सापडल्याच्या नजरेनं बघितलं.