नेई तोकांची मागणी

प्रिचर्डसाहेबांनी तार तिसऱ्यांदा वाचली, तरी ती काही सोपी झाली नाही. 'जपानी व्यापारी येत आहेत. जपान अजून युद्धात नाही, अपमान नको. फोटो काढू देऊ नयेत. सूर्यास्तापूर्वी रवाना करावे. चूक झाल्यास जबाबदारी आपली.' पॅसिफिकमधल्या ब्रिटिशांच्या गिल्बर्ट बेटांपैकी आमच्या टीचभर बेटावर सरकार, पोलीस आणि पोस्ट म्हणजे साहेब एकटेच.

पाहुणे कुवाबारा मात्र न्याहारीआधीच उतरले आणि तारायंत्राच्या खांबाचे फोटो काढून मोकळे झाले.

"कॅमेरा हिसकावला तर अपमान, नाही हिसकावला तर माझी नोकरी गेली!" साहेबांनी कपाळाला हात लावला.

"हिसकावायचा कशाला? मागायचा," सभाघरात चटई अंथरत नेई तोका म्हणाल्या. गावात त्यांच्याहून वयाने मोठं कुणी नव्हतं. चारचौघांत कुणी काही मागितलं, की नाही म्हणायचं नाही, हा आमचा रिवाज. त्याला बुबुती म्हणतात. कुवाबारांचं शेजारच्या बेटावर बारा वर्षं दुकान होतं, त्यांनाही तो पाठ होता.

जेवण रंगात आलं तशा आजी म्हणाल्या, "बाबा रे, तुझा तो फोटोचा डबा मला दे."

कुवाबारांनी हातातला घास खाली ठेवला. दोनशे माणसं बघत होती. त्यांनी हसत कॅमेरा दिला. साहेबांना आजींचे पाय धरावेसे वाटले.

"आता माझीही बुबुती," कुवाबारा म्हणाले. "साहेब, कचेरीतला तो खडकांमधल्या वाटेचा नकाशा मला द्या."

"अहो, पण तो सरकारी..."

दोनशे माणसं आता साहेबांकडे बघत होती. नकाशा गेला.

"आजी, मेलो मी! आता यांची जहाजं खुशाल आत येणार!" साहेब आजींच्या कानाशी कुजबुजले.

"त्या नकाशावर? अरे, तुझी बोट दोनदा खडकावर चढली, ती कशाने?"

साहेब पोट धरून हसले. येताना कुवाबारांच्या जहाजाला आमच्या माणसाने वाट दाखवली होती. आता नकाशा हाती आल्यावर त्याला कोण विचारतो? दुपारी निरोपाला सगळं बेट किनाऱ्यावर लोटलं. साहेबांनी आनंदाने तार लिहायला घेतली, 'पाहुणे वेळेत रवाना.' तेवढ्यात खडकाकडून करकर आवाज आला.

तासाभरात कुवाबारा ओलेचिंब होऊन परतले आणि नकाशा पुढे करत म्हणाले, "घ्या साहेब. न मागता देतोय."

"आता जहाज सुटेल ते पुढच्या मोठ्या भरतीला, बारा दिवसांनी," आजी खुशीत म्हणाल्या आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "चला, दोघं गळ्यात हात घाला बघू. मागतेय मी!"

साहेबांनी तारेचा कागद खिशात कोंबला आणि मुकाट्याने कुवाबारांच्या गळ्यात हात घातला.