घरपट्टीची सूट आणि पुंजारामभाऊंचा कलप

"आपण कुणाच्या बापाला भेत न्हाई!" हे पुंजारामभाऊंचं रोजचं वाक्य. खरं काय ते सांगतो, पण आपल्यातच ठेवा! हवालदाराची गाडी दिसली की हा माणूस गल्ली बदलायचा. तलाठ्याचा फोन आला की मोबाईल बायकोच्या हातात द्यायचा. अन् टपालावर गोल शिक्का दिसला की दोन दिवस जेवण जायचं नाही!

पण ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी भाऊ भलतेच जोरात होते.

"उद्या पहिलं मत आपलं! साडेसातच्या ठोक्याला! पहिल्या मतदाराला गुलाब देऊन फोटो काढणार हायेत!"

"काढू द्या," उषाबाई ज्वारी निवडत म्हणाल्या, "पण फोटोपायी कलप लावू नका. परवापर्यंत दम धरा."

हा दम कशाला धरायचा, ते ऐका. निवडणूक लागायच्या आधीच गावाने ठराव केला होता: वय पासष्टच्या पुढे अन् घर स्वतःच्या नावावर असेल, त्याला घरपट्टी निम्मी. भाऊ अडुसष्टचे, घर त्यांच्या नावावर. त्यांनी अर्ज केला अन् पंचायतीच्या फळ्यावर लागलेल्या यादीत नावही आलं. पण यादीच्या खाली एक ओळ होती: 'कोणाची हरकत असल्यास लेखी द्यावी.' अन् हरकतीची, तशीच राहिलेल्या अर्जांचीही, शेवटची तारीख होती मतदानाच्या दुसऱ्या दिवशीची!

भाऊंची झोप त्या ओळीने उडवली होती. कारण शेजारी कडूबा! सांडपाण्याच्या नालीवरून दोघांचं चार वर्षं बोलणं बंद. कडूबा रोज यादीपुढे उभा राहायचा, भाऊंच्या नावावर बोट ठेवायचा अन् आल्यागेल्याला ऐकवायचा, "एवढं काळंभोर डोस्कं, अन् म्हणे ज्येष्ठ नागरिक! वय खोटं लावलं असंल!"

आता पंचाईत बघा. भाऊंचं डोकं मुळात कापसासारखं पांढरं. वीस वर्षं कलप चालू होता. गावातल्या दुकानात घेतला तर बोभाटा होईल, म्हणून पुडी थेट तीर्थपुरीहून यायची. अन् गावाला सांगायचं काय? "आमच्या घराण्यात केस पिकतच न्हाईत!" म्हणजे केस काळे ठेवले तर सूट जायची भीती, अन् पांढरे दाखवले तर अब्रू!

"फोटो काय पांढऱ्या डोस्क्याचा काढू? बिलकुल न्हाई!" भाऊ म्हणाले.

पहाटे पाचला भाऊ न्हाणीत शिरले. पुडीसोबत आलेला प्लास्टिकचा हातमोजा नेमका एका बोटाला फाटका होता. घाईत लक्ष कुणाचं? चहाचा कप तोंडाला लावला तेव्हा नजर गेली. डाव्या हाताची तर्जनी नखापासून पेरापर्यंत काळीकुट्ट!

"अगं! हे तं मतदानाच्या शाईवाणी दिसून राह्यलं!"

मग लिंबू झालं. राख झाली. रॉकेल झालं. शेवटी तारेची घासणी झाली. कातडं निघालं, रंग हटला नाही!

"सरळ सांगा, कलप हाय म्हणून," उषाबाई म्हणाल्या.

"कुणाला सांगू? तिथं कडूबा एजंट म्हणून बसणार हाय! जीव गेला तरी सांगणार न्हाई!"

"मंग जाऊच नका."

"न्हाई गेलो तं तोच बोंबलंल, पुंजाराम भ्याला म्हणून!"

भाऊ खरंच भ्याले होते. पण भ्याले हे कळू नये, ही भीती त्याहून मोठी! त्यांनी बोटाला चिंधी गुंडाळली. या सगळ्यात डोक्यावर जेमतेम दोन तांबे पाणी पडलं, अन् साडेसात कधीच वाजून गेले. शाळेत पोचले तर पुढे वीस माणसं, अन् गुलाब हातात घेऊन चांगुणाबाई फोटो काढून राहिलेल्या!

शाईच्या टेबलावर निवेदिता मॅडम होत्या. शेजारच्या बाकावर कडूबा. दाराशी हवालदार भारत, खाकीत. भाऊंनी चिंधीचा हात पाठीमागे लपवला.

"आजोबा, डावा हात."

आजोबा! एरवी भाऊंनी यावरूनच भांडण काढलं असतं. पण आज दाराशी खाकी होती.

"बोट कापलंय, बाई."

"चिंधी काढा. बोट पाहावंच लागतं."

"लई खोल हाय! हाड दिसून राह्यलं!"

"मग आधी दवाखान्यात नेतो तुम्हाला," म्हणत हवालदार दोन पावलं पुढे आला. खाकी जवळ आल्याबरोबर भाऊंनी स्वतःच चिंधी सोडली!

कडूबा ताडकन उभा राहिला. "शाई! याचं मत झालंय! दुसऱ्या बूथवर करून आल्ता हा! बोगस! अन् मॅडम, यादीत वय पाहा, अडुसष्ट! हे डोस्कं अडुसष्टचं दिसतं का? मतदान बोगस अन् घरपट्टीचा अर्जबी बोगस! उद्या सकाळीच लेखी हरकत देतो!"

सगळी रांग दारात गोळा झाली. खिडकीतही डोकी आली. भाऊंच्या डोळ्यांपुढे बेड्या दिसल्या, जालन्याचं जेल दिसलं, डबा घेऊन गेटवर उभी उषाबाई दिसली, अन् घराच्या दारावर चिकटवलेली पंचायतीची नोटीस दिसली.

"आजोबा, खरं सांगा. बोटाला काय लागलंय?" मॅडमचा आवाज आता कडक झाला.

"वांगं!"

"वांगं?"

"वांगं चिरत होतो. तेव्हा कापलं. वांगं काळं होतं."

बायकांच्या रांगेतून उषाबाईंचा आवाज आला, "अहो, आपल्या घरी वांगं कवा आणलं?"

झालं! खोलीत हशा पिकला. हवालदाराने मात्र खिशातून डायरी काढली. ती डायरी पाहिली अन् भाऊंना दरदरून घाम फुटला. घाम डोक्यातून निघाला, कपाळावर आला, नाकाच्या बाजूने मिशीत शिरला, हनुवटीवरून टपकला अन् इस्त्रीच्या सदऱ्यावर पडला. काळा! पार काळा!

मॅडम घाबरून उभ्याच राहिल्या. "आजोबा! हे काय होतंय तुम्हाला?"

आता मात्र भाऊंचा बांध फुटला. हात जोडून ते हवालदारापुढेच वाकले. "कलप हाय साहेब, कलप! वीस वर्षांपासून लावून राह्यलो! बोटाला बी तोच! सगळं डोस्कं पांढरं हाय माझं! वय बराबर हाय! मला नेऊ नका हो!"

मग चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "मंग त्यात नवीन काय सांगितलं? अख्ख्या गावाला म्हाइत हाय!"

भाऊंना वाटलं, आत्ता इथं पायाखाली जमीन फाटली तर बरं!

मॅडमनी त्यांच्या कपाळावरून ओला कापूस फिरवला, बोटाशी रंग ताडून पाहिला अन् शाई लावली शेजारच्या बोटाला. भाऊंनी मशीनचं बटण दाबलं अन् मागे न बघता घर गाठलं.

जेलची भीती गेली. पण हरकतीची तशीच होती! कबुली ऐकल्यापासून कडूबा बाकावरून भाऊंच्या डोक्याकडेच बघत बसला होता. भाऊंना ते जास्तच भिववून गेलं. दिवसभर ते दाराच्या फटीतून शेजारी पाहत बसले.

संध्याकाळी कडूबा आला! हातात कागद! चार वर्षांत पहिल्यांदा त्याने उंबरा ओलांडला.

"सांग, तीर्थपुरीला गेलोय म्हणून!" भाऊ पलंगाखाली सरकत हळूच उषाबाईंना म्हणाले.

"भाऊ, पाय दिसून राह्यले," कडूबा म्हणाला.

भाऊ निमूटपणे बाहेर आले. "कडूबा, हरकत देऊ नको बाबा. नाली पाहिजे तिकडून काढ!"

"कायची हरकत? सकाळचं तुमचं ध्यान सगळ्यांनी पाह्यलं. आता तुमाला तरणा म्हणंल असा कोण हाय?" कडूबाने दार लोटून घेतलं अन् आवाज उतरवला. "भाऊ, मी बी सदुसष्टचा हाय. वय सांगायची लाज वाटली, म्हणून घरपट्टीचा अर्जच केला न्हाई. उद्या शेवटची तारीख हाय. खाली साक्षीदाराची सही पाहिजे. अर्ज करणाऱ्यापेक्षा वयानं मोठा माणूस लागतो."

"मंग माझ्याकडं कायला आला? गावात म्हातारे कमी हायेत का?"

"हायेत की! पण हवालदारासमोर रडून म्हातारपण कबूल केलेले एकटे तुमीच! तुमच्या सहीला कोण हरकत घेणार?"

उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊंनी पेन घेतला, खिडकी लावून घेतली, अन् 'वयोवृद्ध साक्षीदार' असं छापलं होतं त्याच्यापुढे गुपचूप सही केली.