आदल्या दिवशीची प्लेट

सय्यद सर लग्नाला आले की आधी जेवणाच्या पंगतीकडे जात नसत. एखादा रिकामा स्टूल शोधत, पिशवीतून कागदात गुंडाळलेली काचेची पेट्री प्लेट काढत, तिचं झाकण उघडून ती स्टुलावर ठेवत आणि राखणीला बाजूला उभे राहत. कोणी विचारलंच तर म्हणत, "दस्तरखान मांडलाय. पाहुणे येऊन राह्यले." एकदा नवरीच्या मामांनी ती जेली समजून चमचा मागितला होता.

सरांना जाऊन आता काही महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसले की आधी ती उघडी प्लेटच डोळ्यांपुढे येते.

त्या प्लेटमध्ये अगारचा थर असतो, म्हणजे सूक्ष्मजीवांचं जेवण. हवेतले जंतू त्यावर अलगद पडतात. मग प्लेट झाकून इन्क्युबेटरमध्ये उबेला ठेवली की दोन दिवसांत जिथे जंतू पडला तिथे ठिपका उमटतो. त्याला आम्ही कॉलनी म्हणतो. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात कोरी प्लेट म्हणजे विद्यार्थ्याच्या स्वच्छ हाताची पावती. बाकीचे शिक्षक शाबासकी देत. सरांचा चेहरा मात्र उतरायचा. "कोरी? मंग तिथं कोणी येत-जातच न्हाई का?"

बसस्थानकातली प्लेट त्यांची लाडकी. ती उजेडात धरून म्हणत, "माशाल्ला! सगळा मराठवाडा उतरलाय." प्राचार्यांच्या केबिनमधली प्लेट जवळजवळ रिकामी आली, तेव्हा ती घेऊन ते थेट प्राचार्यांकडेच गेले. "सर, दरवाजा जरा उघडा ठेवत जा. बिलकुल कोणी येईना झालंय तुमच्याकडं."

माणसं बोलली, हसली, हलली की खोलीतल्या हवेत जंतू वाढतात. हे पुस्तकातलंच आहे. मी मुळात कमी बोलते, मधल्या सुट्टीतही कोपऱ्यात वाचत बसते. त्यावरून सर मला म्हणत, "मॅडम, तुमच्या कोपऱ्यात प्लेट ठेवायची म्हणजे अगारचा खर्चा वाया."

दरवर्षी तिसऱ्या वर्षाची मुलं क्षेत्रभेटीला जातात. एमआयडीसीत रोलिंग मिलच्या फाटकाबाहेर हवेची प्लेट, कुंडलिकेच्या काठी सांडपाण्याचे नमुने, अंकुशनगरकडे उसाच्या शेतातली माती. आणि सगळ्यात शेवटी, 'निवासी हवा' या नावाखाली, गावातच मस्तगडला सय्यद सरांचं घर. हे ठिकाण यादीत कधी आलं ते कोणाला सांगता यायचं नाही. मुलांना तिथली खिचडी आणि चिंचेचा खट्टा मात्र बराबर आठवायचा.

देशमुख सर विभागप्रमुख झाले आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत त्या नावावर बोट ठेवलं.

"सय्यद सर, घर काय फील्ड असतं का?"

"का न्हाई? हवा काय फक्त कारखान्यात असते?"

"मग माझ्या घरी नेऊ पोरांना. कॉलेजच्या मागंच तर राहतो मी."

"तुमच्याकडं आई, वहिनी, दोन लेकरं, वर भाडेकरू. तिथं पोरं जाऊन काय फरक पडणार?"

"तुमच्याकडं काय फरक पडतो?"

सय्यद सर उठून उभे राहिले. "मला पेपर तपासायला लावा, ऑटोक्लेव्ह घासायला लावा. पण हे बंद करू नका." आवाज चिरकला. देशमुख सर कठोर माणूस नव्हेत, ते गडबडले. माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, यंदा तुम्ही सोबत जा. ठेवायचं का काढायचं ते तुम्हीच सांगा मंग."

मी गेले. सरांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी हैदराबादला दिलेली. दार उघडंच होतं. सतरंजीवर पांढरी चादर, कडेने ताटल्या, खट्ट्याला फोडणी बसल्याचा वास. मुलं आमचीच, शिकवल्याबरहुकूम तयार होऊन आलेली. तोंडाला मास्क, हातात मोजे, भिंतीला धरून चालणं. प्लेटा उघडून सगळी चिडीचूप बसली.

सर स्वयंपाकघरातून डाव हातात घेऊन आले आणि थबकले. "हे काय? ऑपरेशन करून राह्यले का माझं? काढा ते मास्क! ए परभणीवाल्या, तू बसमधी गाणं म्हणत आल्ता ना? म्हण आता."

"सर, रीडिंग चुकंल."

"चुकू दे. जेवा, भांडा, काहीबी करा. चूप न्हाई बसायचं."

मग कल्ला झाला. कोणीतरी खट्टा सांडला. परभणीचा मुलगा बेसूर गायला आणि दाद मात्र सरांनी दिली. ते स्वतः जेवले नाहीत. दाराला टेकून प्रत्येक ताटाकडे बघत राहिले.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेत त्यांनी त्या घरातल्या प्लेटा मांडल्या. ठिपकेच ठिपके, पांढरे, पिवळे, एखादा नारिंगी. शेजारी त्यांनी आणखी एक प्लेट ठेवली. तुलनेसाठी आदल्या दिवशी त्याच खोलीत, तितकाच वेळ उघडलेली. ती कोरी होती. कडेला एवढा एकच ठिपका.

एका मुलीने विचारलं, "सर, हा एक कशाचा?"

"तो मी आहे, बेटा," सर म्हणाले. "प्लेट मांडून खुर्चीत बसून राह्यलो होतो ना. बोललो न्हाई काही. बोलायला कोण होतं?"

मुलं हसली. सरही हसले.

मी देशमुख सरांना जाऊन सांगितलं, "ठिकाण योग्य आहे. आदल्या दिवशी इतकं कोरं आणि दुसऱ्या दिवशी इतकं भरलेलं घर मला तरी दुसरं माहीत नाही." त्यांनी यादी मिटून ठेवली. "राहू द्या मंग," एवढंच म्हणाले.

त्यानंतर एकच बॅच सरांच्या हातची खिचडी जेवली. या हिवाळ्यात सर गेले, फार न रखडता. मुलीने घराची किल्ली माझ्या हातात दिली. "अब्बा बोलके गये, बच्चे आये तो घर खोल देना बोलके."

मुलांना नेण्याच्या आदल्या दिवशी मी एकटीच गेले. खोलीच्या मधोमध प्लेट उघडून ठेवली आणि सरांच्या खुर्चीत बसले. काही बोलले नाही. वेळ झाली तशी प्लेट झाकून निघाले. दुसऱ्या दिवशी मुलं आली, मी मास्क काढायला लावले. खिचडी जरा करपली, पण सगळ्यांनी खाल्ली.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेत प्लेटा काढल्या. आदल्या दिवशीची कोरी होती. कडेला एकच ठिपका.

"मॅडम, हा एक कशाचा?"

त्या दिवशी खोलीत मीच होते. तेव्हा तो माझाच असणार, दुसरं काय. पण मी प्लेट उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.